गाडी मागून किती उचलायची

श्रीधर उदगीरकर गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी तारनाक्याच्या आपल्या घरी वारले. सत्तरी नुकतीच ओलांडली होती. डॉक्टरांनी कारण हृदयविकाराचा झटका असे लिहिले. चाकांवर टोले मारून रेल्वेचे डबे आणि मालगाडीच्या वाघिणी तपासणाऱ्या खात्यातून ते निवृत्त झाले होते. मागे पत्नी सुमन आणि मुलगी मृणाल आहेत. मृत्यूच्या वेळी ते व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले होते. चहा पिऊन झाला होता, कप खाली ठेवलेला होता. समोर अंगणात मृणालची पिकअप गाडी उभी होती. तिची मागची दोन्ही चाके काढलेली होती आणि मागचा भाग लोखंडी घोड्यांवर टेकवलेला होता.

इतक्या तपशिलाने हे लिहिण्याला कारण आहे. त्या दुपारपर्यंत हैदराबादच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ‘गाडीखाली सापडून दुर्दैवी अंत’ असा मजकूर फिरला. स्मशानात एका गृहस्थांनी मृणालला ऐकू जाईल अशा आवाजात शेजाऱ्याला विचारले, “जॅक सटकला म्हणे?” जॅक सटकला नव्हता. गाडी तसूभरही हलली नव्हती, आणि श्रीधर तिच्याखाली नव्हते. मात्र आधीचा आठवडाभर ते त्या गाडीखाली जात-येत होते, जड चाके त्यांनी एकट्याने काढून आत नेली होती, हेही खरे आहे. त्या श्रमाने काही झाले का, असे मृणालने डॉक्टरांना विचारले. “सांगता येत नाही,” ते म्हणाले. तिने दुसऱ्या डॉक्टरांना विचारले. त्यांनीही तेच सांगितले… अजून ती विचारते.

श्रीधर माझा शाळेपासूनचा मित्र, म्हणून इथून पुढे एकेरीत लिहितो. त्याचे आजोबा निजामाच्या काळात नोकरीसाठी इकडे आले. घरात वकील, मास्तर आणि सरकारी कारकून. हाताला ग्रीस लावून घरी येणारा हा पहिलाच. एका जागी बसणे त्याला जमत नसे. बोलता बोलता उठायचा, फाटकापर्यंत जायचा, परत यायचा, आणि अर्धवट राहिलेले वाक्य तिथूनच पुढे सुरू करायचा. सुमनवहिनी सांगत की लग्नात सप्तपदी झाली, फोटो काढायला सगळे जमले आणि नवरा मुलगा कुठे दिसेना. शोधल्यावर वऱ्हाडाच्या बसपाशी सापडला. बस एका बाजूला कललेली होती. “माझे आईवडील त्याच बसने परत जायचे होते,” असे श्रीधरचे म्हणणे होते. वहिनींचे म्हणणे, “मला तेव्हाच कळलं, या माणसाला माणसं बसमधून दिसतात.”

नोकरीत त्याचा दबदबा होता तो ‘नाही’ या शब्दामुळे. रेल्वेत नादुरुस्त वाघिणीला ‘सिक’ करतात, म्हणजे गाडीतून कापून बाजूच्या रुळावर उभी करतात. एकदा सिमेंटच्या मालगाडीत एका वाघिणीच्या स्प्रिंगचा पाटा तडकलेला त्याला दिसला. गाडी सुटायची वेळ झाली होती, वरून फोनवर फोन येत होते. साहेबांनी शेवटी विचारले, “उदगीरकर, पुढच्या जंक्शनपर्यंत जाईल की नाही ती?” श्रीधर म्हणाला, “जाईल साहेब. पण माझ्या सहीने नाही जाणार.” वाघीण कापली गेली. ही हकीकत तो स्वतः कधी सांगत नसे. त्याच्या निरोप समारंभात त्याच साहेबांनी सांगितली, हसत हसत, आणि त्या वेळीही हा खुर्ची सोडून पंखा का आवाज करतो ते बघायला गेला होता.

असा हा माणूस घरात एकदाच ‘नाही’ म्हणाला. मृणालने हायटेक सिटीतली चांगली नोकरी सोडून रोपवाटिका काढायची ठरवले तेव्हा. त्या ‘नाही’नंतर बापलेक कितीतरी महिने एकमेकांशी धड बोलले नाहीत. तिने शहराबाहेर भाड्याने जमीन घेतली, उंच इमारतींच्या गच्च्यांवर बागा करून देण्याचे काम मिळवले आणि माती, खत, कुंड्या नेण्यासाठी पिकअप घेतली. गाडी अंगणात आली त्या दिवशी श्रीधर बाहेर आला, गाडीभोवती दोन चकरा मारल्या, खाली वाकून बघितले आणि म्हणाला, “पाटे चांगले आहेत.” तह झाला. त्यानंतर त्याने मुलीला कशालाही नाही म्हटले नाही. वहिनींच्या हे लक्षात आले होते. माझ्याही आले होते. आम्हाला ते बरेच वाटले.

दोन पावसाळ्यांत पिकअप मागून बसली. ओल्या मातीची पोती हौद्यात रचली की तिचे नाक वर जाई. समोरून येणारे वाहनवाले दिवे डोळ्यांवर येतात म्हणून शिव्या घालत. मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात उतरताना मागचा बंपर काँक्रीटला घासायचा आणि सुरक्षारक्षक शिट्ट्या मारत धावत यायचे. मृणाल म्हणाली, “बाबा, मागून उचलून घेऊ या ना. सगळे करतात.” म्हणून एका सकाळी आम्ही तिघे गौलीगुड्याच्या बाजूला खाजाभाईंच्या दुकानात गेलो. खाजाभाई पाट्यांचेच काम करतात, वडिलांच्या वेळेपासून.

“साब, पीछू से उठानेकू रस्ते बहोत हैं,” खाजाभाई म्हणाले. “कौनसा होना बोलो.”

रस्ते असे होते. पाटे आणि चाकांना जोडणारा आडवा एक्सल यांच्या मध्ये लोखंडी ठोकळा घालायचा आणि लांब यू-बोल्टने आवळायचा. त्याला ब्लॉक म्हणतात. किंवा पाट्याचे मागचे टोक ज्या कडीला लटकते ती शॅकल लांब घ्यायची. पण मग पाटा कलतो आणि गाडी वळणावर मागून झोके घेते. किंवा एक जादा पाटा घालायचा, म्हणजे भार सोसतो, पण रिकामी गाडी दगडासारखी आदळते. जुनेच पाटे तापवून ठोकून त्यांना पुन्हा कमान द्यायची, हाही एक रस्ता. श्रीधरने विचारले, “ठोक के कमान दिए तो कित्ते दिन रहती?”

“बारिश तक.”

“उसके बाद?”

“उसके बाद आप फिर आते, हम फिर मिलते. मोहब्बत बढती साब.”

शेवटचा रस्ता नव्या पाट्यांचा, कंपनीच्या मापाचा पूर्ण संच. त्याने गाडी मूळ उंचीवर येते, त्याच्या वर नाही. शिवाय संच मागवावा लागणार होता. मृणालने घड्याळ बघितले. “ब्लॉकच घाला बाबा. आज होईल ना?” खाजाभाईंनी तिला विचारले, “माल कित्ता भरते बेटी?” ती म्हणाली, “जितना लगता उतना.” त्यावर श्रीधर काही बोलेल म्हणून मी त्याच्याकडे बघितले. तो ब्लॉक हातात घेऊन वजन बघत होता. “हौ,” तो म्हणाला. “आज होईल.”

ब्लॉकची निवड त्याने डोळे मिटून केली असे म्हणता येणार नाही. उलट, तिथे उभे राहून त्याने ती कसोशीने केली. एकावर एक दोन ठोकळे रचायचे नाहीत, एकच अखंड हवा. जुने यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत. पाटे आणि ब्लॉक जागेवर धरणारी मधली खुंटी भोकात पूर्ण बसलेली त्याने स्वतः बोट घालून तपासली. त्याच्या दृष्टीने हे रोजचे काम होते. चाके झिजून डबा खाली आला की रेल्वेत स्प्रिंगखाली ठरावीक जाडीचे पॅकिंग घालतात आणि डबा ठरलेल्या उंचीवर आणतात. हे त्याने आयुष्यभर केले होते आणि कधी चुकले नव्हते. परतताना गाडीत तो खुशीत होता. “पॅकिंगच आहे रे,” मला म्हणाला. “फक्त रूळ नाहीत.”

बंपर घासायचा थांबला. मृणालने पोत्यांचा आणखी एक थर चढवला.

मग एका सकाळी भरलेली गाडी उड्डाणपुलावरून खाली उतरत असताना समोर एक ऑटो आडवी आली. मृणालने ब्रेक दाबला. गाडीचे नाक खाली गेले, पुढची चाके जाम होऊन घसरली, आणि गाडी थांबली तेव्हा ऑटोच्या मागच्या पडद्याला टेकली होती. ऑटोत शाळेचे गणवेश घातलेल्या मुली होत्या. कोणाला काही झाले नाही. ऑटोवाल्याने तेलुगूत मनसोक्त शिव्या दिल्या आणि तो निघून गेला. मृणाल घरी आली, पाणी प्यायली, आणि वडिलांना नेमके सांगितले, “बाबा, रिकामी असली की नीट थांबते. भरली की सगळं पुढेच येतं. मागची चाकं धरतच नाहीत.”

“लायनर बघतो,” श्रीधर म्हणाला.

ब्रेकचे लायनर ठीक होते. ड्रम ठीक, ब्रेक ऑइल ठीक, कुठे गळती नाही. ब्लॉक जागच्या जागी, बोल्ट घट्ट. त्या दिवसांत तो जेवताना उठून अंगणात जायचा. वहिनी ताटावर ताट झाकून ठेवायच्या. मला फोन करायचा, “सगळं ठीक आहे,” असे म्हणायचा, आणि ते सांगायलाच फोन केला असावा असे अजिबात वाटायचे नाही… पुढच्या रविवारी त्याने मृणालला अंगणातच गाडी भरायला लावली. गाडी चारही चाकांवर, पुढच्या चाकांना दगड लावलेले. तो मागच्या चाकाशेजारी बाहेरच गुडघ्यांवर बसला आणि विजेरीच्या उजेडात आत बघत राहिला. मृणाल पोती टाकत होती.

“अजून एक टाक,” तो म्हणाला. मग पुन्हा, “अजून एक.” मग विजेरी आणखी आत धरली. मग, “उतरव सगळं.”

या गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर भारानुसार कमी-जास्त करणारा एक व्हॉल्व असतो. तो वर चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, बसवलेला असतो आणि एका सळईने खाली एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चेसी खाली दबते, सळई हलते, आणि व्हॉल्व मागच्या ब्रेकला जास्त जोर सोडतो. ब्लॉक घातल्यामुळे चेसी कायमचीच वर गेली होती. कितीही माती भरली तरी व्हॉल्वच्या लेखी गाडी जवळजवळ रिकामी होती. “अरे, जुन्या वाघिणींना ब्रेकचा दांडा असायचा बघ, रिकामी आणि भरलेली,” श्रीधरने मला त्या दुपारी सांगितले. “हाताने फिरवायचा. भरल्या वाघिणीचा दांडा ‘रिकामी’वर दिसला असता तर मी गाडी सोडली असती का? इथं तो दांडा मीच फिरवून ठेवला. आणि वर ब्लॉक घट्ट आहेत म्हणून खूश.” मग म्हणाला, “ऑटोत पोरी होत्या.”

उपाय सोपा होता. खाजाभाई फोनवर म्हणाले, “सळई का पट्टा उत्ताच लंबा कर देता साब, परेशान नक्को हो.” ब्लॉकच्या उंचीइतकी ती जोडणी लांबवली की व्हॉल्व पुन्हा खरे बोलू लागतो, हे श्रीधरलाही मान्य होते. पण त्याने नव्या पाट्यांचा संच मागवला. आणि सोमवारी सकाळी, मृणाल उठायच्या आत, सपाट फरशीवर गाडी मागून उचलली, घोड्यांवर टेकवली, हाताने जोरजोराने हलवून बघितली आणि मागची चाके काढली.

पुढचा संवाद वहिनींनी मला सांगितला आहे, मृणालने तो मान्य केला आहे.

“बाबा, चाकं कुठायत?”

“आत आहेत.”

“आत कुठं?”

“माझ्या पलंगाखाली.”

“अहो, मला आज माती पोचवायचीय. गच्ची उघडी पडलीय तिकडे, माणसं बसून आहेत!”

“नवे पाटे आले की जा.”

“तोवर सळई वाढवून द्या ना. खाजाभाई करतो म्हणतोय.”

“नको.”

“का पण? मला कळू तर द्या.”

श्रीधर उठून फाटकाकडे गेला. स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, “अगं, तोंडानं सांगता येईना म्हणून चाकं काढलीत त्यांनी. तू काय विचारत बसलीस?”

मृणालने भाड्याचा टेम्पो आणला. तो आठवडा घरात निरोप वहिनींमार्फत गेले. ‘बाबांना विचार जेवणार का.’ ‘तिला सांग, गाडीला हात लावू नको म्हणावं.’ वहिनी एकदा म्हणाल्या, “मी काय पोस्ट ऑफिस आहे?” त्यावर दोघेही हसले, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

पुढच्या सोमवारी संध्याकाळी मी तिथे होतो. संच दोन-तीन दिवसांत येणार असे कळले होते. श्रीधर व्हरांड्यातून उठायचा, घोड्यांवरची गाडी हलवून बघायचा, येऊन बसायचा, परत उठायचा. मृणाल रोपवाटिकेतून आली, पायातल्या चपला काढू लागली. तो उभा राहिला आणि म्हणाला, “मृणाल, पाटे वाईट नव्हते. तू जास्त भरतेस.”

ती तशीच थांबली. “मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?”

“तू नोकरी सोडलीस तेव्हा नाही म्हणालो होतो… परत म्हणायचं नव्हतं.”

“म्हणून ब्लॉक घातलेत?”

“हौ. म्हणून ब्लॉक घातले.”

तिने चपला जागेवर ठेवल्या आणि आत गेली. आतून नळाचा आवाज आला. श्रीधर मला म्हणाला, “बस रे, चहा होईल,” आणि स्वतः गाडीकडे गेला. मी निघालो तेव्हा तो फाटकापर्यंत आला नाही. एरवी यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल भाड्याच्या टेम्पोबरोबर लवकर निघून गेली होती. व्हरांड्यातून कपाचा आवाज आला नाही म्हणून वहिनी बाहेर आल्या. मला त्यांचाच फोन आला. “भावजी, तुम्ही या,” एवढेच म्हणाल्या.

पाट्यांचा संच तेराव्याच्या आधी आला. खाजाभाई भेटायला आले होते, टोपी हातात धरून बराच वेळ बसले. उठताना मृणालला म्हणाले, “बेटी, साब नए पाटे मंगाए थे. अब तुम जो बोलते वो करता. नए डालूं, या बिलाक रख के सळई लंबी करूं?” नातेवाइकांतून गाडी विकून टाकण्याचा सल्ला आला होता, तोही तिच्यापुढे होता. पुण्याच्या एका मावसभावाने फोनवर परत नोकरीचाही विषय काढला. तिने कोणालाच त्या दिवशी काही सांगितले नाही. आठवडाभर ती अंगणात यायची, गाडीकडे बघायची आणि आत जायची. वहिनी एकदा वैतागून म्हणाल्या, “तू पण तशीच का?”

मग तिने पलंगाखालची चाके बाहेर काढली. नवे पाटे बसवले गेले. ब्लॉक काढून भंगारात दिले. यू-बोल्ट पुन्हा नवे घेतले. फरशीपासून हौद्यापर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी टेपने मोजली, ती कंपनीच्या मापाशी जुळली. व्हॉल्वची सळई मूळ जोडणीवर होती, तशीच ठेवली. गाडीवर लिहिलेल्या भाराइतकीच माती भरून खाजाभाई आणि तिने ती एका मोकळ्या मैदानात नेली आणि पुन्हा पुन्हा ब्रेक लावून बघितला. मागच्या चाकांच्या खुणा मातीत उमटल्या. काही दिवस चालवल्यानंतर बोल्ट पुन्हा आवळले, कारण नवे पाटे बसताना ते सैल पडतात.

गेल्या आठवड्यात मी तारनाक्याला गेलो तेव्हा ती गाडी भरत होती. हौद्यात पोत्यांचा एकच थर होता. बाकीची पोती फाटकाच्या आत भिंतीशी उभी होती. तिने मागचे फळकूट लावले, हातातल्या पान्याने चारही चाकांवर एकेक टोला मारला, आवाज ऐकला आणि किल्ली घेतली.

“ही राहिली की गं,” वहिनी पोत्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या.

“दुसऱ्या फेरीला,” ती म्हणाली.

दुपारी गाडी परत आली. तिने उरलेली पोती भरली आणि पुन्हा निघाली.